माझ्या मेलचं पहिलं वाक्य

माझ्या हातून आजवर जेवढी कामं झाली, त्यांत ती स्क्रिप्ट सगळ्यात देखणी होती. हे मी आजही म्हणते. त्याच स्क्रिप्टमुळे एका माणसाची तीस वर्षांची नोकरी गेली, हेही म्हणते. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकदम बोलायला गेलं की माझा आवाज चढतो, म्हणून लिहून काढते आहे.

मी रोह्याच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनांच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळते. राहते पेणला. सकाळी कंपनीची बस नाक्यावर येते, नागोठण्यापर्यंत अर्धे लोक झोपतात, रोहा आलं की तोंडावर पाणी मारून उतरतात. त्या बसमध्ये उजवीकडची तिसरी सीट माझी आणि माझ्या साहेबांची. साहेबही पेणचेच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचे. कॉम्प्युटरचा कोर्स करून मी नुसतीच घरी बसले होते तेव्हा त्यांनीच मला कंपनीत घेतलं, शेजारी खुर्ची टाकून काम शिकवलं. माझ्या वडिलांना तातडीनं अलिबागला हलवायचं होतं तेव्हा गाडी त्यांची होती आणि चालवायलाही तेच होते. डब्यात भाकरी असली तर एक त्यांची, हे ठरलेलं. इतका विश्वास मी माझ्या सख्ख्या भावावर टाकला नसता, आणि भावाला हे मी तोंडावर सांगितलेलं आहे.

त्या वर्षी शेजारच्या एका कंपनीत कुणीतरी बाहेरून शिरून त्यांच्या सगळ्या फायली कुलूपबंद केल्या. त्यांचे भरलेले ट्रक गेटच्या आत तसेच उभे राहिले, कारण मालाचं चलनसुद्धा छापता येईना. लगेच आमच्या मुंबईच्या मुख्य कार्यालयाला जाग आली. वरातीमागून घोडं, पण निघालं एकदाचं. हुकूम आला की गणपतीच्या आधी प्रत्येक सर्व्हरवर सुरक्षेचा एजंट बसलाच पाहिजे. एजंट म्हणजे एक छोटा प्रोग्राम. तो सर्व्हरच्या आत बसून राहतो, कोण आलं, काय चालवलं, कुठली फाइल बदलली हे बघतो आणि सगळं एका ठिकाणी कळवतो. सर्व्हर आमच्याकडे दीडशेच्या आसपास. रोह्याचे दोन प्लांट, पेणचं ऑफिस, गोदाम, मुंबई.

आधी आम्ही हातानं सुरुवात केली. एकेका सर्व्हरमध्ये शिरा, फाइल टाका, बसवा, थांबा, बाहेर पडा. दोन आठवड्यांत चाळीस झाले, त्यातले सहा कागदावर बसलेले आणि प्रत्यक्षात बंद. मला असल्या कामाचा भयंकर राग येतो. माणसानं हमाली करायची आणि वर खोटं खातं दाखवायचं. मी साहेबांना म्हटलं, मला चार दिवस द्या, मी हे आपोआप होईल असं करते.

चार दिवसांचे नऊ झाले, पण झालं. यादीतल्या प्रत्येक सर्व्हरचं दार माझी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनला एकदाच लिहून दिलेले हुकूम, स्वतः वाजवायची. उत्तर आलं तर आत जायची, जुना अँटीव्हायरस असला तर आधी काढायची, नवा एजंट बसवायची आणि मग तिथंच थांबून बघायची, की हा खरंच बोलतोय का मुख्य कार्यालयाशी. बोलत नसला तर सगळं जसं होतं तसं करून बाहेर यायची आणि त्याचं नाव लाल यादीत टाकायची. आधी माझं स्वतःचं मशीन, मग पेणचं ऑफिस, मग मुंबई, आणि प्लांटचे सर्व्हर सगळ्यात शेवटी. कालवण आधी घरच्यांना वाढून बघावं, मग पाहुण्यांना. ज्या दिवशी साठ सर्व्हर एका दमात झाले, त्या दिवशी मी चहाचा कप हातात घेऊन नुसती बघत बसले होते. एकामागून एक हिरव्या खुणा पडत होत्या. साहेब मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे तुला कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "तुम्हीच." त्यांनी डोक्यावर टपली मारली. किती बरं वाटलं होतं मला तेव्हा.

राहिले ते प्लांटच्या नियंत्रण कक्षातले सर्व्हर. तिथे काम करायचं तर परमिट लागतं. वेल्डिंग असो की व्हायरस, पाळीवर जो ऑपरेटर असेल त्यानं सही केल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हा प्लांटचा नियम. आणि पहिल्या पाळीचे ऑपरेटर होते मामा. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, जनरल मॅनेजरसुद्धा. गाव खांबजवळ, हायवेपासून आत. घरची भातशेती, नंतर त्याच ओलीवर वाल. कंपनी सुरू झाली तेव्हा हेल्पर म्हणून लागले आणि शिकत शिकत खुर्चीवर आले. कायम कामगारांतले जे थोडे उरले होते त्यांतले एक. कंपनीनं दोनदा स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला होता आणि दोन्ही वेळा त्यांनी तो घडी करून परत दिला होता.

या कक्षाची एक रीत होती. खुर्ची थंड करायची नाही. पाळी बदलताना पुढचा माणूस येऊन खुर्चीच्या पाठीवर हात ठेवणार, मगच आधीचा उठणार. आणि पडद्यावरचं लॉगिन कोणी बंद करायचं नाही. तिन्ही पाळ्या मामांच्याच आयडीवर चालायच्या. ऐकायला हे भयंकर वाटतं, मलाही वाटलं होतं. पण त्या जुन्या मशीनमधून बाहेर पडून पुन्हा आत शिरायला पाच मिनिटं लागायची आणि तेवढा वेळ पडदा काळा. आत रिअ‍ॅक्टर, म्हणजे रसायन शिजतं ती बंद टाकी, तापलेली. तिचं तापमान पाच मिनिटं दिसलं नाही तर काय होऊ शकतं हे त्या खुर्चीवर बसणाऱ्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. शिवाय बाकीच्या ऑपरेटरांनी स्वतःच्या आयडीसाठी केलेले अर्ज दीड वर्ष आमच्याच खात्यात पडून होते. आमच्याच, म्हणजे साहेबांच्या टेबलावर.

हे सगळं मला मे महिन्यात कळलं, पाहणीला गेले होते तेव्हा. परत येऊन मी साहेबांना रीतसर मेल लिहिला. पहिलं वाक्य होतं, "नियंत्रण कक्षात तिन्ही पाळ्यांत एकाच कर्मचाऱ्याचा आयडी वापरला जातो." पुढे लिहिलं होतं की यात त्या कर्मचाऱ्याचा दोष नाही, बाकीच्यांचे अर्ज प्रलंबित आहेत, पडदा बंद ठेवणं धोक्याचं आहे, तरी सर्वांना वेगळे आयडी लगेच द्यावेत आणि लॉगिन पटकन होईल असं मशीन द्यावं. साहेबांचं उत्तर आलं, "बघू." एका शब्दाचं उत्तर मला नवीन नव्हतं, मी कामाला लागले.

जूनमध्ये परमिटचा कागद घेऊन मी मामांसमोर उभी राहिले. त्यांनी चष्मा लावला, कागद वाचला आणि विचारलं, "एजंट बसवनार?"

"हो मामा."

"आमच्या गावात एजंट आला म्हंजे जमिनीचा येतो. लोक कुत्रं सोडतात त्याच्यावर."

मी हसले. ते हसले नाहीत. म्हणाले, "हसू नको गो बाय. मला एक सांग, हा आमच्यावर नजर ठेवनार काय? कोन कधी बसला, कोन कधी उठला?"

मी म्हटलं, विचारून सांगते. दोन दिवस त्यांनी सही केली नाही. मला राग आला, माझी हिरव्या खुणांची यादी त्यांच्यापाशी अडली होती. गुरुवारी बसमध्ये मी साहेबांना विचारलं. ते खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "छे, व्हायरससाठी आहे तो. माणसांशी काय घेणंदेणं? नोंदी आपल्याच खात्यात राहतात." मी तसंच्या तसं मामांना जाऊन सांगितलं. वर स्वतःची भर घातली, "माझा शब्द आहे." मामांनी सही केली. बाकीच्या पाळ्यांच्या माणसांनाही त्यांनीच समजावलं, की आपल्याच मुलखातली पोर हाय, घालू द्या तिला. त्या दुपारी प्लांटचे सगळे सर्व्हर हिरवे झाले आणि माझं काम संपलं.

जुलैत मामा चार दिवस लावणीला रजेवर गेले. प्लांट चालूच होता, आणि त्यांच्याच आयडीवर चालला होता, जसा कायम चालायचा.

गणपती झाले आणि मामांना नोटीस आली. गैरहजर असताना त्यांच्या आयडीवरून रसायनाच्या बॅच मंजूर झाल्या, पासवर्ड त्यांनी दुसऱ्यांना वापरायला दिला, कंपनीच्या सुरक्षेला धोका निर्माण केला. सोबत तक्ता जोडलेला. तारीख, वेळ, आयडी, आणि शेजारी गेटवरच्या हजेरीची नोंद. तो तक्ता मी ओळखला. अशी नोंद पूर्वीही मशीनमध्ये व्हायची, पण आठवड्याभरात पुसली जायची. आता एजंट ती गोळा करून जपून ठेवत होता.

मी एजंटच्या मुख्य पडद्यावर गेले. तिथे कोणी कधी कुठला अहवाल मागवला तेही दिसतं. एक अहवाल दर सोमवारी आपोआप मनुष्यबळ खात्याच्या प्रमुखांना जात होता. नाव दिलं होतं, नियंत्रण कक्ष, आयडी आणि हजेरी. तयार करणारे आमचे साहेब. तयार केल्याची तारीख मी तीनदा वाचली. मी बसमध्ये विचारलं त्या गुरुवारच्या आधीचा सोमवार. म्हणजे प्लांटमध्ये एजंट बसलाही नव्हता तेव्हा ताट मांडून ठेवलेलं होतं. खिडकीबाहेर बघत "छे" म्हणणाऱ्या माणसानं ते तीन दिवस आधी मांडलं होतं. आणि कल्पना कुठून आली? माझ्या मेलमधून. मी तक्रार केली होती आयडी द्या म्हणून, त्यांनी त्यातून सावज शोधलं. कुंपणानंच शेत खायचं ठरवलं तर राखण कोणाची करायची?

मी तशीच त्यांच्या केबिनमध्ये गेले. दार लावायचंही सुचलं नाही. म्हटलं, "तुम्ही माझ्या तोंडून त्यांना खोटं सांगितलंत."

ते शांतच. "बस आधी. पाणी घे. हे बघ, वरून अहवाल मागितला, मी दिला. तू टेक्निकल माणूस आहेस. माणसांच्या भानगडीत पडू नकोस."

"माझ्या मेलमध्ये सगळं लिहिलं होतं. अर्ज तुमच्याकडे पडून होते."

"ते सगळं येईल चौकशीत. तुझा मेल मी स्वतः जोडलाय."

हे ऐकून माझा राग विझला, खोटं कशाला सांगू. मला वाटलं, मेल जोडलाय म्हणजे खरं काय ते बाहेर येईल. ज्या माणसानं तीन महिने मला फसवलं त्याच्यावर पाच मिनिटांत पुन्हा विश्वास टाकायला मी तयार झाले. पंधरा वर्षांच्या सवयीपुढे अक्कल काय करणार?

चौकशी दिवाळीनंतर झाली. बाहेरून एक वकील चौकशी अधिकारी म्हणून बोलावले होते. त्या सकाळी बसमध्ये साहेब माझ्या शेजारीच बसले. मी खिडकीकडे तोंड करून होते. नागोठणं गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "नोंदी खऱ्या आहेत का, एवढंच विचारतील. तेवढंच सांग. जास्त बोललीस तर उद्या मुख्य कार्यालयात तुझ्या कामावरच शंका काढतील, की बाई भांबावलेली आहे, हिचा एजंट तरी नीट बसलाय का. इतकं सुंदर काम केलंस. मुंबईत तुझं नाव घेतात. ते कशाला घालवतेस?"

खोलीत मामा टेबलाच्या पलीकडे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते. त्यांच्याच कक्षातल्या दुसऱ्या पाळ्यांच्या तिघांचे जबाब आधीच झाले होते. तिघांनी लिहून दिलं होतं की पासवर्ड मामांनी आपणहून दिला. दिलाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ. परमिटही समोर ठेवलं होतं, त्यावर मामांची सही. म्हणजे एजंट बसलाय हे त्यांना माहीत होतं, माहीत असून त्यांनी नियम मोडला, असा त्याचा अर्थ लावला गेला.

वकिलांनी मला विचारलं, "या नोंदी तुम्ही बसवलेल्या यंत्रणेतून आल्या?"

"हो."

"त्या खऱ्या आहेत?"

"हो."

"आणि हा मजकूर तुमचा?"

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर माझा मेल होता. माझं नाव, तारीख आणि पहिलं वाक्य. तेवढंच. त्याखाली कोरा कागद आणि साहेबांची सही, अस्सल प्रतीवरून उतारा म्हणून. उरलेल्या आठ ओळी कुठे गेल्या, हे विचारायला माझं तोंड उघडलं होतं. मी शपथेवर सांगते, उघडलं होतं. वकील म्हणाले, "मजकूर तुमचा आहे की नाही, एवढंच सांगा." मी मामांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते, जराही राग नव्हता, उलट आता ही बोलेल असं काहीतरी त्या नजरेत होतं. मी म्हटलं, "हो, माझाच." त्यांनी थँक यू म्हटलं आणि मी उठून बाहेर आले.

डिसेंबरात मामांना काढलं. कंपनीला दोनदा कागद पुढे करून जे जमलं नव्हतं ते एका तक्त्यानं झालं. सुंठीवाचून खोकला गेला. त्या खुर्चीवर आता ठेकेदाराची माणसं बसतात. सगळ्यांना वेगळे आयडी आठ दिवसांत मिळाले, मशीनही नवं आलं, लॉगिन चुटकीसरशी होतं. माझ्या मेलमध्ये जे जे मागितलं होतं ते सगळं कंपनीनं केलं. मला मुख्य कार्यालयातून कौतुकाचं पत्र आलं. साहेबांनी ते माझ्या टेबलावर आणून ठेवलं, तेव्हा मी ते त्यांच्या देखत फाडलं. फाडायला काय लागतं? जिथं बोलायचं होतं तिथं मी बोलले नव्हते. बसमधली सीट मात्र बदलली. आता मी शेवटच्या रांगेत बसते.

जानेवारीत एका रविवारी मी महाडची एसटी पकडून खांबला उतरले आणि विचारत विचारत मामांच्या घरी गेले. ते माळ्यावर पेंढा चढवत होते. खाली उतरले, हात झाडले, मामींना हाक मारून म्हणाले, "पानी आन गो, पेनची पोर आली." ओटीवर बसवलं. मी वर बघून बोलूच शकत नव्हते. मी सगळं सांगितलं. तो सोमवार, तो गुरुवार, मेलच्या उरलेल्या आठ ओळी. मेल छापून नेला होता, तोही त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मामा, कामगार न्यायालयात जा. हा कागद दाखवा. मी येते साक्षीला."

त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, दोनदा वाचला. मग म्हणाले, "म्हंजे हा तुझ्याजवळ व्हता."

"हो."

"त्या दिवशी पन व्हता."

"हो. मोबाइलमध्ये होता."

मामी पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तांब्या हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मला तो वेळ सहन होईना, म्हणून मी त्या तिघांवर घसरले. म्हटलं, ज्यांना तुम्ही शिकवलं, ज्यांच्यासाठी आयडी उघडा ठेवला, त्यांनी तुमच्याविरुद्ध लिहून दिलं, तुम्हाला त्यांचा राग येत नाही?

"नाय येत," मामा म्हणाले. "त्यांची पोरं लहान हायत. त्यांना बोलावून सांगितलेलं, लिहून द्या नायतर तुमी पन घरी. घाबरले. मी त्यांच्या जागी असतो तर मी पन लिहून दिला असता." त्यांनी मेलची घडी घातली आणि माझ्याकडे बघितलं. ओरडून विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साधेपणानं, खरंच माहीत करून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, "तुला कोनी भीती घातली व्हती गो?"

मला कोणीच भीती घातली नव्हती. माझ्या कामाचं कौतुक केलं होतं.